छोरीला हात लावायचा तर

वहिनी अळू घेताना आधी देठ बघतात. देठ काळपट असेल तरच पाने वडीसाठी घेतात, नाहीतर परत ठेवतात. ग्वाल्हेरच्या थाटीपुरात अळूच्या पानांना गिऱ्हाईक मुख्यतः मराठी घरांचे. त्यामुळे पाने विकणाऱ्या अम्माला आमच्या लोकांची घरे पाठ आहेत. ती शहराबाहेर, दगडाच्या खाणींकडच्या वस्तीत राहते. सकाळी टेम्पोने येते, चौकात गोणपाट अंथरून बसते आणि दुपारी भाजी संपली की परत जाते. घरी तिच्या शेळ्या आहेत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या, आता निवृत्त आहेत. अम्मा त्यांना ‘डाक्टरनी बाई’ म्हणते. शेळ्यांचे पोट फुगले, खूर सुजले, की विचारते. कुत्रीबद्दल तिने पहिल्यांदा विचारले ते पावसाळा सरता सरता, पाने पिशवीत टाकून झाल्यावर, जणू आताच आठवले म्हणून.

“बाई, कुतिया की भी दवाई होत है का?”

“होती है. क्या हुआ उसे?”

“पीछे से खून गिरत है. रुकत ही नईं. आँगन में बूँदें पड़ी रहत हैं.” मग थोडे थांबून म्हणाली, “लड़का कहत है, खदान के पार छोड़ आऊँगो.”

मुलाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्याचे बाळ रांगायला लागले होते आणि अंगणात रक्ताचे थेंब पडत होते. दिवाळीची पुताई, म्हणजे घराला चुना लावणे, व्हायच्या आत कुत्री बरी झाली तर ठीक, पुताई झाल्यावर ती अंगणात नको, असे त्याने आईला सांगितले होते. खाणीच्या पार सोडलेले कुत्रे परत येत नाही. तिकडे दुसऱ्या कुत्र्यांची टोळी असते, आणि कधीकधी तरस, इकडचा लकडबग्घा.

माझे आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेले. बातमीत कुत्रे दोनच प्रकारचे असत, पाळीव आणि भटके. खाणीकडच्या वस्त्यांत तिसरा प्रकार आहे आणि त्याला आम्ही कधी शब्द शोधला नाही. हे कुत्रे एका घराचे असते. त्या घराच्या उंबऱ्याशी झोपते, त्या घराच्या शेळ्यांमागे जाते, त्या घराची शेवटची पोळी त्याची असते. पण त्याला पट्टा नसतो, बहुतेकदा नावही नसते, आणि घरातले कोणी त्याला हात लावत नाही. कुत्रे शिवले तर आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही, हा नियम आहे. चूल ज्या बाईच्या हातात, तिच्यासाठी तर फारच कडक.

रविवारी मी गाडी काढली आणि वहिनींना घेऊन गेलो. वस्तीतल्या घरांवर दगडी पटियांची, म्हणजे लांब फरश्यांची, छपरे आहेत, भिंतीही खाणीतल्याच दगडाच्या. अम्माच्या दारासमोर एक मोठी फरशी टाकलेली आहे. तिच्यावर एक पोते होते आणि पोत्यावर तांबूस रंगाची, एक कान फाटलेली कुत्री बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि चार हात लांब जाऊन उभी राहिली. पोत्यावर ओला लाल डाग होता.

“नाव काय हिचे?” मी विचारले.

“नाम का? छोरी है. ‘ए छोरी’ कहो तो आ जात है.”

छोरी पिल्लू असताना तिची आई डंपरखाली गेली. अम्माने शेळीच्या दुधात चिंधी बुडवून, चिंधी वरून धरून तिला पाजले. चिंधीचे टोक पिल्लाच्या तोंडात आणि दुसरे अम्माच्या चिमटीत. तेव्हापासून आजवर रोजची शेवटची पोळी अम्मानेच दिलेली. आणि या सगळ्या काळात अम्माने तिला एकदाही हात लावलेला नव्हता. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही आणि अभिमान म्हणूनही नाही.

वहिनी अंगणात उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. छोरी खाली बसून स्वतःला चाटू लागली तेव्हा त्यांना जे बघायचे होते ते दिसले. मायांगाशी फुलकोबीसारखी लाल गाठ होती.

“ही गाठ कुत्र्यांकडून कुत्र्यांना लागते,” त्या मला म्हणाल्या. मग अम्माच्या मुलाकडे वळून हिंदीत सांगितले की माणसाला ती लागत नाही, बाळालाही लागणार नाही, आणि औषधाने बरी होते.

मुलगा खाणीवर दगड भरायला जातो. तो भिंतीला टेकून उभा होता. “इतना भरोसा है तो आप अपने घर ले जाओ, मैडम.”

“ले जाएँगी,” अम्मा म्हणाली. “फिर रात को लकड़बग्घा आएगो तो बकरियाँ तू देखियो. तू तो आँधी में खाट उड़ जाए तब भी न उठे.”

सून आत बाळाला घेऊन बसली होती. ती पदरात हसली.

औषध म्हणजे शिरेतून द्यायचे इंजेक्शन, दर आठवड्याला एक, गाठ जाईपर्यंत. माणसांच्या कर्करोगावर देतात तेच. एकच अडचण होती आणि ती मोठी होती. हे औषध शिरेतच गेले पाहिजे. जनावराने पाय झटकला आणि औषध शिरेबाहेर गेले तर तिथले मांस जळते. दवाखान्यात कुत्र्याला मालक धरतो. छोरीला धरणारे कोणी नव्हते.

पहिला प्रयत्न दोराने झाला. मुलगा आणि त्याचे दोन सोबती, वहिनींनी शहरातल्या टोपी बाजारातून आणलेली खाटेची नवार तोंड बांधायला, आणि एक फास. फास गळ्यात पडला तशी छोरी इतकी उसळली की एकाच्या हाताची साल निघाली. दोर तिच्यासकट खाणीच्या दिशेने गेला. वहिनी औषधाची कुपी परत डब्यात ठेवून म्हणाल्या, “भाऊजी, चला. हे असे नाही व्हायचे.”

छोरी बरेच दिवस आली नाही. अम्मा चौकात भाजी विकत होती, पण वजन करताना तिचे लक्ष नसे. शेवटची पोळी ती रोज फरशीवर ठेवत होती आणि ती दुसरेच कुत्रे खाऊन जात होते. मग एका संध्याकाळी पोळी ठेवताना छोरी अंधारातून आली. गळ्यातला दोर तिने कुठेतरी चावून तोडला होता.

दुसरा प्रयत्न गुंगीच्या गोळ्यांचा. वहिनींनी अम्माला गोळ्या दिल्या आणि समजावले की रविवारी सकाळी आम्ही यायच्या जरा आधी या कुटून पोळीत घालून द्यायच्या. अम्माने मान डोलावली. रोजची शेवटची पोळी रात्रीची असते, पण त्या दिवशी सकाळच्या पोळ्यांतली शेवटची तिने बाजूला काढली.

आम्ही पोचलो तेव्हा हँडपंपापाशी माणसे जमली होती. पंपाच्या ओट्यालगत शेजारच्या घराचा म्हातारा, लंगडा कुत्रा आडवा पडला होता, जीभ एका बाजूला बाहेर. पलीकडे दोन कुत्रे बसल्या बसल्या डुलत होते. शेजारीण ओरडत होती की कोणीतरी विष घातले. आणि अम्माच्या दारात छोरी चारी पायांवर ताठ उभी राहून आमच्या गाडीवर भुंकत होती.

वहिनींनी म्हाताऱ्या कुत्र्याच्या हिरड्या बघितल्या, छाती तपासली. “सो रहा है. शाम तक उठ जाएगा.” मग अम्माकडे वळल्या. “गोलियाँ किसको दीं?”

“छोरी को. आखिरी रोटी में, गुड़ के संग.”

“फिर ये सब कैसे सोए?”

अम्माला प्रश्नच कळला नाही. “आखिरी रोटी होत है तो सब आत हैं, बाई. एक खाए और चार ठाड़े देखें, ऐसो थोड़ी होत है.”

“सबको बाँट दी?”

“हओ. बूढ़े को बीच वालो नरम टुकड़ा दओ. वाके दाँत नईं हैं.”

गूळ आणि गोळ्या पोळीच्या मधोमध होत्या.

शेजारीण पुढे आली. “हमाए कुत्ता पे दवाई आजमाई तुमने?”

“तेरो कुत्ता साल भर से भौंको नईं है,” अम्मा म्हणाली. “तोहे आज पता चलो कि सो रओ है?”

“भाऊजी, हसू नका,” वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे खांदे हलत होते. म्हातारा कुत्रा संध्याकाळी उठला, पंपाखाली पाणी प्यायला आणि परत झोपला, असे नंतर कळले.

पण त्या सकाळी निघताना वहिनींनी अम्माला स्पष्ट सांगितले. दोर नाही, गोळ्या नाहीत. ही कुत्री जगात एकाच माणसाजवळ उभी राहते. त्या माणसाने तिला धरले पाहिजे, आणि एका दिवसात ते होणार नाही, आधी रोज थोडा थोडा हात लावून सवय करावी लागेल.

अम्मा फरशीकडे बघत राहिली. “चूल्हा मेरे हाथ में है, बाई. छू के नहाऊँ, बना के फिर छुऊँ, फिर नहाऊँ. दिन में कै बार नहाऊँ? पंप पे पानी कितनो आत है?”

वहिनींनी औषधाचा डबा बंद केला. त्या नोकरीची सगळी वर्षे खेड्यांत हिंडल्या आहेत. चुलीचा नियम चूक आहे असे त्यांनी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही. त्या इतकेच म्हणाल्या, “सोच लो. दिवाली पास है.”

त्या आठवड्यात अम्मा चौकातून उठून पाने घेऊन थेट वहिनींच्या घरी आली; मी तिथेच होतो. पाणी प्यायली. समोरच्या भिंतीवर दत्ताची तसबीर आहे, आमच्या आईच्या वेळची. अम्मा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात आली होती. ती तसबिरीजवळ गेली आणि हात मागे बांधून बघत राहिली.

“जे कौन भगवान हैं? इनके पाँव में तो कुत्ता बैठे हैं.”

“हाँ. चार कुत्ते हैं.”

“फिर जे दिन में कै बार नहात हैं?”

मी वर्तमानपत्र खाली केले. वहिनी अळूची पाने मोजत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “नहाते तो एक ही बार होंगे. इनके घर चूल्हा नहीं है, अम्मा. माँगकर खाते हैं.”

अम्मा पुन्हा तसबिरीकडे वळली. “चूल्हा नईं है,” एवढेच म्हणाली, स्वतःशी. मग पाण्याचा पेला जागेवर ठेवला आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा चुलीपाशी सून होती. अम्मा बाहेर फरशीवर बसली होती, हातात काम नाही अशी मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघितली. बाळ खाटेवर झोपले होते.

“शादी के दिन से चूल्हा माँग रई थी,” सून आतून म्हणाली, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने. “अम्मा ने नईं दओ. कुतिया ने दिला दओ.”

“नमक देख के डालियो,” अम्मा बाहेरून म्हणाली. “कुतिया ने दिलाओ है, कुतिया भी न खाए ऐसी मत बनाइयो.”

ती असे बोलली खरी, पण तिची नजर सारखी आत जात होती. फोडणीचा वास आला की मान वळे. जिच्या हातची पोळी घरातला प्रत्येक जण खातो, तिने ती जागा सोडून बाहेर येऊन बसणे म्हणजे काय, ते वहिनींना माझ्यापेक्षा जास्त कळले असावे. त्या अम्माच्या शेजारी फरशीवर बसल्या.

“पीठ करके बैठो,” त्यांनी सांगितले. “उसकी तरफ मत देखो. हाथ पीछे रखो, उलटा. वो सूँघेगी.”

अम्माने छोरीकडे पाठ केली. हात मागे, फरशीवर, तळवा खाली. छोरी पोत्यावर होती. ती अम्माच्या हाताकडे बघत राहिली. या हातातून तिला आजवर पोळी मिळाली होती, दूध मिळाले होते, पण तो हात नेहमी वरून खाली येत असे आणि लगेच परत जाई. आता तो तिथेच राहिला होता. ती उठली, जवळ आली, हुंगले, मागे गेली. परत आली. अम्माचे डोळे मिटलेले होते.

मग अम्माने बोटे हलवली आणि हाताची मागची बाजू छोरीच्या मानेला लावली. ताप आहे का बघताना आपण मुलाच्या कपाळाला लावतो तशी. छोरी जागच्या जागी थिजली. तिचे मागचे पाय थरथरू लागले, पण ती गेली नाही.

“गरम है,” अम्मा म्हणाली. तिने डोळे उघडले आणि वहिनींकडे पाहिले. “बाई, जे तो बहुत गरम है. बुखार है का?”

“नहीं अम्मा. कुत्ते इतने ही गरम होते हैं.”

अम्माला ते माहीत असायचे कारण नव्हते.

त्यानंतर ती रोज बसत असे. पहिल्या दिवसांत मान, मग पाठ, मग पुढचा पाय. पाय हातात घेऊन तसाच धरून ठेवायचा, हे वहिनींनी मुद्दाम सांगितले होते. चौकात भाजी विकताना ती वहिनींना बातमी देई. “आज पाँव दओ.” “आज गोद में मूँड़ धरो.” दुसरी गिऱ्हाइके थांबून राहत.

पहिले इंजेक्शन दिले त्या दिवशी अम्मा मांडी घालून फरशीवर बसली. छोरीचे डोके मांडीवर, तिच्या डोळ्यांवर अम्माच्या पदराचे टोक. वहिनींनी पुढच्या पायावरचे केस कापले, शीर धरली, सुई घातली. नळीत रक्त आले म्हणजे सुई शिरेत आहे. त्यांनी दट्ट्या दाबायला सुरुवात केली, आणि नेमका तेव्हाच खाणीच्या रस्त्याने एक भरलेला डंपर भोंगा वाजवत आला. छोरीची आई डंपरखाली गेली होती. छोरीच्या सगळ्या अंगाला झटका बसला, पाठीची कमान झाली.

अम्माने तिला दाबले नाही. ती नुसती पुढे वाकली, इतकी की तिचा गाल छोरीच्या फाटक्या कानाला लागला, आणि म्हणू लागली, “कछू नईं, कछू नईं, कछू नईं.” धरलेला पाय हलला नाही. वहिनींचा हातही हलला नाही. डंपर गेला. धूळ खाली बसेपर्यंत औषध संपले होते. वहिनींनी सुई काढून कापूस दाबला.

औषध दिल्यावर एखाद दिवस छोरी खात नसे, आणि मग अम्माही खात नसे, अशी सुनेची तक्रार होती. रक्त आधी कमी झाले. अम्मा सकाळी उठून अंगणातली सारवलेली जमीन ओणवी होऊन बघे. पुढच्या इंजेक्शनांनंतर जमीन कोरडी राहू लागली. गाठ सुकत गेली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलगा घराला चुना लावत होता. दाराची भिंत रंगवायची वेळ आली तेव्हा त्याने फरशीवरचे पोते उचलले, दोन्ही बाजूंनी बघितले, झटकले आणि शेळ्यांच्या कुडावर टाकले. आम्ही चहा घेत होतो. चुना वाळल्यावर त्याने पोते परत आणून फरशीवर, होते त्याच जागी अंथरले आणि बादली उचलून घरामागे गेला. अम्मा कपातल्या चहाकडे बघत होती, पण तिने बघितले होते.

शेवटचे इंजेक्शन त्यानंतर झाले. पुढे थंडीच्या सुरुवातीला वहिनींनी ओळखीच्या दवाखान्यात छोरीचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन करून घेतले. तेव्हा ती माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर अम्माच्या मांडीवर डोके ठेवून आली आणि तशीच गेली.

आता छोरीला धरायची गरज उरली नव्हती. अम्माने चूल परत घ्यावी, असे मुलाने सुचवले. सुनेच्या हातची डाळ त्याला अजून पटत नाही. अम्मानेही चूल घेतली, पण अर्धी. सकाळचा स्वयंपाक सुनेचा, रात्रीचा अम्माचा. आणि तिने आंघोळ सकाळची संध्याकाळी नेली. दिवसभर छोरी तिच्या पायाशी असते, मांडीवर असते. दिवे लागले की अम्मा आंघोळ करते, चुलीपाशी बसते, आणि शेवटची पोळी पुन्हा तिच्याच हातची असते.

हे वहिनींना जानेवारीत कळले. ग्वाल्हेरच्या जानेवारीत संध्याकाळी अंगावर पाणी घ्यायचे म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच ठाऊक. त्या चिडल्या. मला म्हणाल्या, “गाडी काढा. म्हातारी निमोनियाने जाईल.”

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. अम्मा फरशीवर चवड्यांवर बसून बथुआची भाजी निवडत होती. छोरी तिच्या पायांवर डोके ठेवून झोपली होती. पायावरचे कापलेले केस पुन्हा वाढले होते. वहिनींनी गाडीतून उतरता उतरताच बोलायला सुरुवात केली. अम्माने सगळे ऐकून घेतले.

“बहू पानी गरम कर देत है,” ती म्हणाली.

आत चुलीवर मोठे पातेले होते आणि सून फुंकर घालत होती. धूर दारातून बाहेर येत होता. जरा वेळाने ती दारात आली. “अम्मा, पानी हो गओ.”

“आती हूँ.” अम्माने निवडलेली भाजी टोपलीत टाकली आणि मोकळा झालेला हात छोरीच्या मानेवर ठेवला. छोरीने डोळे उघडले नाहीत.

“ठंडो हो जाएगो.”

“हो जान दे,” अम्मा म्हणाली. “दूसरो चढ़ा दियो.”